पंचवीस दिवसांचं पिल्लू

जनावरांच्या दवाखान्यात उभी नोकरी कंपौंडर म्हणून काढली असं सांगितलं, की लोक बैलांबद्दल विचारतात. दिवाळी अंकाच्या संपादकांच्या पत्रातही बैलच होते. "बैलांच्या, म्हशींच्या आठवणी लिहा, वाचकांना आवडतील," असं त्यांनी कळवलं. बैल हे सरळ जनावर आहे. त्याला दुखलं तर तो लाथ मारतो, बरं वाटलं तर वैरण खातो. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडं फारसं काही नाही. मी लिहिणार आहे कुत्र्याच्या पिल्लांबद्दल. म्हणजे ती का चावतात आणि घरात कुठं मुततात याबद्दल. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय बरा दिसणार नाही. वाचकांनी आधी चकली संपवून घ्यावी.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मी इंदापूर तालुक्यातल्या एका दवाखान्यात रुजू झालो. दोन खोल्या, पुढं पत्र्याची शेड, शेडीत बैल अडकवायचा लाकडी खोडा आणि मागं रोगी जनावर वेगळं ठेवायला सिमेंटची एक कोठी. डॉक्टर सायकलवर नाहीतर मिळेल त्या गाडीनं गावोगाव फिरत. मागं उरायचो मी. खुरातला खडा काढायचा, जखमेतल्या अळ्या काढून टर्पेंटाइनचा बोळा भरायचा, पावसाळ्याआधी घटसर्पाच्या लशी टोचायच्या, ही माझी कामं. कुत्र्याला तिथं मान नव्हता. कुणी कुत्रं घेऊन आलंच तर शेडीतले शेतकरी हसायचे. "याला बी औषद लागतं व्हय?" असं कुणीतरी विचारायचंच, आणि आणणारा बिचारा ओशाळा व्हायचा.

पण त्याच सुमारास साखर कारखान्यांचे साहेब, बारामतीचे वकील, एखाददुसरा हौशी बागाईतदार असे लोक कुत्री घरात ठेवायला लागले होते. दारातलं कुत्रं वेगळं आणि घरातलं वेगळं. दारातल्या कुत्र्याला कुणी काही शिकवत नाही, त्याचं ते शिकतं किंवा मरतं. घरातल्याला शिकवावं लागतं, आणि ते आमच्याकडं कुणालाच येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. मी नुसता बघत गेलो, चुकत गेलो, आणि चार लोकांत नाव झालं.

नाव झालं ते बारामतीच्या एका वकिलांमुळं. त्यांचं पिल्लू पक्षकारांच्या बैठकीखाली घाण करायचं. वकीलसाहेबांनी कुणाचं तरी ऐकून त्याचं नाक त्या घाणीत घासायला सुरुवात केली. महिन्याभरानं ते पिल्लू स्वतःची घाण खाऊ लागलं. साहेब मला म्हणाले, "कंपौंडर, हा आरोपी आता पुरावा नष्ट करतो."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही त्याला शिक्षा केलीत ती केव्हाच्या गुन्ह्याची? त्यानं केलं सकाळी, तुम्ही बघितलंत दुपारी. त्याला एवढंच कळलं, की घाण आणि मालक एका खोलीत सापडले की मार बसतो. मालकाला तर हलवता येत नाही. मग त्यानं घाण हलवली."

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "निकाल मान्य. आता पुढं काय करायचं ते सांग."

पुढं काय करायचं ते सोपं असतं आणि म्हणूनच लोक करत नाहीत. पिल्लू तीन वेळा हमखास मुततं: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, आणि खेळता खेळता एकदम थांबून जमीन हुंगायला लागल्यावर. या तिन्ही वेळांना त्याला उचलून बाहेर ठेवायचं. हे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे तिथं उभं राहायचं. लोक पिल्लू बाहेर ठेवतात आणि दार लावून घेतात. मग पिल्लू दाराशी रडतं, आत घेतलं की आतच मोकळं होतं, आणि लोक म्हणतात, मुद्दाम करतं. कुत्रं मुद्दाम काही करत नाही. मुद्दाम करणं हे माणसाचं काम.

माझी पहिली मोठी फजिती लासुर्ण्याच्या आबांच्या घरी झाली. आबा भाजीपाल्याचे मोठे बागाईतदार, स्वभावानं तापट पण मनानं दिलदार. त्यांच्या पिल्लाला मी अंगणात जायला शिकवलं. पंधरा दिवसांनी आबांचा निरोप आला, म्हणून गेलो, तर आबा दारातच उभे. म्हणाले, "तुमचं शिक्षान लई झाक हाय. अंगनात जातं, पन माजघरात बी जातं. आन् दोनी ठिकानी माझ्याकडं बघून शेपूट हलवतं, जनू काय बक्षीस द्या."

मी डोकं धरून ओट्यावर बसलो. समोर आबांच्या घरच्या बाया अंगण सारवत होत्या. तेच शेण, तेच हात, तीच पाटी. अंगण संपलं की आत जाऊन माजघर. पिल्लाच्या नाकाला आत आणि बाहेर असं काही नव्हतंच. मी त्याला "बाहेर जा" असं शिकवलं नव्हतं, "सारवलेल्या जागी जा" असं शिकवलं होतं, आणि पोरगं हुशार निघालं होतं. मग परसात न्हाणीच्या मागं राख आणि वाळू टाकून हातभर जागा केली. माजघरातली भिजलेली माती खरवडून काढून पुन्हा सारवून घेतली, कारण नुसतं वरून सारवलं तर वास खाली राहतोच. आठवड्यात पिल्लू सुधारलं. आबांनी मला टोपलंभर वांगी दिली आणि तेव्हापासून ते मला "पिल्लाचं मास्तर" म्हणू लागले. मलाही ते नाव आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्या नावाची हवा माझ्या डोक्यात गेली.

ती हवा घेऊनच मी एका दिवाळीच्या आधी निरवांगीला गेलो.

तालुक्याजवळच्या एका कारखान्याच्या वसाहतीत एक साहेब होते. नाव लिहीत नाही, साहेब एवढंच म्हणतो. त्यांची एकुलती एक मुलगी शालू, सात वर्षांची. वसाहतीत तिच्या वयाचं दुसरं कुणी नव्हतं. साहेबांनी तिला दिवाळीला पिल्लू द्यायचं कबूल केलं होतं, आणि कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकात वाचून ठेवलं होतं, की पिल्लू दोन महिन्यांचं असावं. मला त्यांनी कारखान्याची जीप दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी जीपमध्ये, तेही ड्रायव्हरशेजारी, बसलो होतो. वाटेत ओळखीचं कुणी दिसतंय का हे मी बघत होतो.

निरवांगीच्या माळावर तात्यांचा मेंढरांचा तळ होता. तात्या धनगर, साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. त्यांच्या मेंढरांना मी वर्षातून दोनदा लस टोचायचो. त्यांच्याकडची कुत्री तालुक्यात नावाजलेली होती. त्या भागात तेव्हा लांडगे होते, आणि तात्यांची एक कुत्री लांडग्याच्या अंगावर जाते असं लोक सांगायचे. तिलाच पाच पिल्लं झाली होती. बाभळीखाली ती एकमेकांवर लोळत होती.

मी त्यांतलं तांबूस, ठिपक्याठिपक्यांचं एक उचललं. तात्या म्हणाले, "आज पंचीस दिस झाल्यात. आजून न्यायाजोगं न्हाय त्ये."

मी म्हटलं, "तात्या, पिल्लू जितकं लहान तितका लळा जास्त."

"लळा लागंल. पन दात आत्ता कुठं फुटत्यात. आता हितनं फुडं भावंडांत चावाचावी हुती. ह्यानं त्येला धरलं, त्यो केकाटला, की ह्यो सोडतो. न्हाय सोडलं तर फुडं त्याच्यासंगं कुनी खेळत न्हाय. आई बी आपल्या जबड्यात त्येचं तोंड धरती, पन दाबत न्हाय. असं दोन पुनवा चालतं, मंग पिल्लाला उमजतं किती दाबायचं त्ये. दोन पुनवा झाल्याबिगर आमी पिलू कुनाला देत न्हाय."

"तुमची मेंढरं राखायला थोडंच न्यायचंय? बंगल्यात राहायचंय त्याला."

"तितं बी मानसंच हायत न्हवं?" तात्या म्हणाले. मग पुढं म्हणाले, "दिवाळी झाली की कळप खाली घाटाकडं उतरतोय. उन्हाळ्यात माघारी येतो तवा थोरलं, शानं झालेलं पिलू तुमच्या दवाखान्यात आनून देतो. माझा शबुद हाय."

तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी जरा आवाज चढवून म्हणालो, "तात्या, मला यातलं कळतं म्हणूनच सांगतोय ना?" तात्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या मेंढरांच्या लशी माझ्या हातात होत्या. मी तसं बोललो नाही, पण दोघांनाही ते माहीत होतं. ते म्हणाले, "तुमी म्हनताय तर न्या," आणि पाठ फिरवून मेंढरांकडं गेले. पिल्लाची आई जीपमागं ओढ्यापर्यंत पळत आली.

बंगल्यावर साहेबांनी पिल्लू हातात घेऊन विचारलं, "दोन महिन्यांचं आहे ना?" धनगरी पिल्लू मुळात थोराड, न जाणणाऱ्याला ते मोठं वाटावं असं. मी म्हणालो, "हो साहेब, दोन महिन्यांचं." नंतर दवाखान्याच्या रजिस्टरातही तसंच लिहिलं: नर, तांबूस, वय दोन महिने. शालूनं त्याचं नाव ठेवलं अनारसा. अंगावर खसखस पेरल्यासारखे ठिपके होते, म्हणून.

घाणीच्या बाबतीत अनारसा म्हणजे माझ्या कारकिर्दीतला पहिला नंबर. बंगल्यात शहाबादी फरशी, बाहेर काळी माती. नाकाला कळण्याआधी त्याच्या पायांना कळायचं. तीन आठवड्यांत तो दाराशी जाऊन उभा राहून मागं वळून बघू लागला. वसाहतीतल्या बाया ते बघायला यायच्या. शालू त्यांना हात कमरेवर ठेवून सांगायची, "आमचा अनारसा मातीवरच जातो."

चावण्याचं मात्र जमेना. पिल्लानं हात तोंडात घेतला, की हिसका मारायचा नाही, चापट मारायची नाही. हिसक्यानं त्याला खेळ वाटतो आणि चापटीनं भांडण. दुसऱ्या पिल्लासारखं 'कँय' करून ओरडायचं, पाठ फिरवायची आणि खेळ बंद करायचा. मग थोड्या वेळानं ओल्या चिंधीचा पीळ चावायला द्यायचा. आठ-दहा दिवसांत बहुतेक पिल्लांचे दात मऊ लागू लागतात. दात तेच असतात, धरणं बदलतं. अनारसा मी ओरडलो की मान तिरकी करून माझ्याकडं बघायचा आणि मग आणखी जोरात धरायचा. त्या आवाजाचा अर्थच त्याला कुणी सांगितलेला नव्हता. जिनं सांगायचा ती ओढ्यापर्यंत पळत येऊन माघारी गेली होती.

हे मला कळलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं, आणि हेच मला आज लिहायचं आहे. त्या वेळी उपायही होता. ऊसतोडणीच्या कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांवर, एका कुत्रीला त्याच वयाची पिल्लं होती. अनारशाला महिनाभर तिथं सोडलं असतं तर निम्मं तरी भरून निघालं असतं. पण त्यासाठी साहेबांना सांगावं लागलं असतं, की पिल्लू दोन महिन्यांचं नव्हतं, पंचवीस दिवसांचं होतं. पिल्लाच्या मास्तरला ते जड गेलं. मी म्हणत राहिलो, "होईल साहेब, वेळ लागतो."

संक्रांतीच्या दिवशी दुपारी जीप दवाखान्यात आली. ड्रायव्हर म्हणाला, "चला लवकर, बेबीला चावलं."

शालूच्या हातात तिळगूळ होता. अनारशानं तिळगुळासकट हात धरला. ती ओरडली, आणि त्यानं सोडलं नाही. बाईसाहेबांना दोन्ही हातांनी त्याचा जबडा फाकवावा लागला. अंगठ्याखालचं मांस फाटलं होतं. मी पोचलो तेव्हा कारखान्याच्या डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी केली होती, शालू रडून रडून थकून आईच्या मांडीवर पडली होती, आणि बाहेर साहेब वॉचमनला बंदूक आणायला सांगत होते. अनारसा पायरीखाली बसून सगळ्यांकडं शेपूट हलवत होता.

मी म्हणालो, "साहेब, गोळी घालू नका. मारलंत तर ते पिसाळलेलं होतं की नाही हे कळायचं नाही, आणि पोरीला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील. त्याला दहा दिवस मी बांधून ठेवतो. दहा दिवस धडधाकट राहिलं तर एकही लागणार नाही. हवं तर तुमच्या डॉक्टरांना विचारा."

डॉक्टर म्हणाले, "कंपौंडर बरोबर सांगतोय. फक्त रोज दोनदा मला कळवायचं. जरा वेगळं वाटलं तर त्याच क्षणी."

साहेबांनी बंदूक परत पाठवली. मग माझ्याकडं वळून शांतपणे विचारलं, "पण हे असं का झालं? तुम्ही आणलं तेव्हा वय बरोबर होतं ना?"

त्या प्रश्नाला उत्तर एकच होतं. मी म्हणालो, "होतं साहेब. पण काय असतं, जातच तशी चावरी. धनगराची कुत्री ती."

अनारशाला मी दवाखान्यामागच्या कोठीत ठेवलं. आमच्या डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण ठेवू दिलं. त्या दहा दिवसांत मी जेवढा घाबरलो तेवढा पुन्हा कधी नाही. पिसाळलेलं कुत्रं पाणी पीत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. चौथ्या दिवशी सकाळी अनारशानं पाणी हुंगलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा फिरवलं. शालूचं पोट आणि चौदा सुया डोळ्यांपुढं आल्या. निरोप पाठवायला मी चिठ्ठी लिहायला घेतली, तर बोटांना फिनेलचा वास. आदल्या संध्याकाळी स्वच्छता म्हणून मी ते भांडं फिनेलनं घासलं होतं! घरी जाऊन पितळी वाटी आणली, विहिरीचं पाणी भरलं. त्यानं लपालपा सगळी वाटी संपवली. मी त्या कोठीच्या दारात बसून रडलो, आणि रडता रडता हसलोही. आणि तो? कोठीत सिमेंट म्हणून ते शहाणं दहा दिवस आत एकदाही मुतलं नाही. मी मातीवर नेईपर्यंत कळ काढून थांबायचं.

दहा दिवस झाले. शालूला एकही सुई लागली नाही. साहेबांनी निरोप पाठवला, की कुत्रं परत नको, तुम्हीच विल्हेवाट लावा. मी त्याला माझ्या घरी परसात बांधलं.

पण तोंडातून गेलेला शब्द माझ्याआधी तालुक्यात फिरत होता. वसाहतीतून तो ऊसतोड्यांकडं गेला, त्यांच्याकडून गावांत. "चावरी" या शब्दाचं वाटेत "पिसाळलेली" झालं. निरवांगीच्या तात्याची कुत्री पिसाळलेली, असं मी स्वतः दोन ठिकाणी ऐकलं आणि गप्प बसलो. तात्या तेव्हा घाटाकडं होते, त्यांच्या कानावर काहीच नव्हतं.

उन्हाळ्यात ते माघारी आले. आमच्या भागात रिकाम्या रानात मेंढरं बसवतात. रात्रभर कळप रानात बसला की लेंडीखत आयतं पडतं. त्याबदली शेतकरी धनगराला धान्य देतो आणि मेंढरांना रानातला पाला. उन्हाळ्याचे ते महिने यावरच निघतात. तात्यांचा कळप कित्येक वर्षं लासुर्ण्याच्या आबांच्या रानात बसत होता. त्या दिवशी मी आबांकडं बैलांना लस टोचायला गेलो होतो. बांधावर गलका ऐकू आला म्हणून आबांच्या मागोमाग गेलो. तात्या कळप घेऊन उभे होते, आणि आबांनी वाटेत हात आडवा धरला होता.

"फुडं येऊ नगा, तात्या. माझी नातवंडं रानात खेळत्यात."

"खेळू द्या की. दरसाल खेळत्यात."

"दरसाल तुमची कुत्री पिसाळल्याली नव्हती."

तात्यांना कळेचना. "कोन पिसाळलंय?" ते म्हणाले. "माझी कुत्री ही समोर हायत. बघा."

आबा माझ्याकडं वळले. "हे काय, पिल्लाचं मास्तरच हायती हितं. मास्तर, तुमीच सांगा. सायबाच्या पोरीला चावलं त्ये पिलू ह्येंचंच ना?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मागं मेंढरं उन्हात माना खाली घालून उभी होती. दुसरीकडची रानं आधीच दुसऱ्या कळपांना गेली होती, आणि आबांनी नाही म्हटल्यावर लासुर्ण्यात कुणीच हो म्हटलं नसतं. मला अजूनही वाटतं, तात्या तेव्हा एक शब्द जरी रागानं बोलले असते तर मी पुन्हा काहीतरी खोटं रेटलं असतं.

मी म्हणालो, "आबा, पिलू पिसाळलं नव्हतं. दहा दिवस माझ्याकडं होतं, आजही माझ्या दारात धडधाकट आहे. आणि चावलं ते त्याच्या जातीमुळं नाही, माझ्यामुळं. तात्या दोन पुनवा थांबा म्हणत होते. मी जोर करून पंचवीस दिवसांचं उचललं. साहेबांना दोन महिन्यांचं सांगितलं. जात चावरी हे मीच उठवलं."

आबा बांधावर थुंकले. "आन् मी तुमास्नी मास्तर म्हनत हुतो," ते म्हणाले. आडवा धरलेला हात त्यांनी खाली घेतला आणि तात्यांना म्हणाले, "या. बसवा मेंढरं. आमचं चुकलं."

कळप पुढं गेला. तात्या शेवटी माझ्याजवळ थांबले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, शिवी देतील, आणि ती ऐकायची मी तयारी केली होती. ते एवढंच म्हणाले, "पिलू कुठाय?"

त्याच संध्याकाळी त्यांनी अनारशाला माझ्या परसातून नेलं. मी म्हटलं, "तात्या, ते आता सुधारेल का?" ते म्हणाले, "बघू. उशीर लई झालाय."

दुसऱ्या दिवशी मी बंगल्यावर गेलो आणि साहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे, तुम्ही या." मी पायऱ्या उतरत असताना खिडकीतून शालूनं विचारलं, "अनारसा कसा आहे?" तिच्या अंगठ्याखाली पांढरी रेघ उठली होती. मी सांगितलं, की तो मेंढरांत गेलाय, मजेत आहे. तो मजेत आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. आमच्या डॉक्टरांना सांगून दवाखान्याच्या रजिस्टरातलं वय मी खोडलं आणि खाली सही केली.

त्यानंतर पिल्लांची कामं मी चालूच ठेवली. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू कुणी आणलं, की त्याला आईकडं परत पाठवायचो, मग आणणारा कितीही मोठा असो. बारामतीला बदली झाल्यावरही तोच नियम. काही लोक चिडले. वकीलसाहेब मात्र म्हणाले, "तू आता फार कडक न्यायाधीश झालास." मी त्यांना कारण सांगितलं नाही.

निरवांगीला जायचं मी टाळत होतो. दोनेक वर्षांनी लशीसाठी जावंच लागलं. तात्यांचा तळ त्याच माळावर होता, आणि मेंढ्यांचे व्यायचे दिवस होते. वाघरीत, म्हणजे दोऱ्यांच्या जाळीच्या कुंपणात, दोन-चार दिवसांची कोकरं उड्या मारत होती. वाघरीबाहेर अनारसा बसला होता. भलाथोरला, तांबूस, दिवसा कोकरांमागं धावू नये म्हणून गळ्यात लाकडी ओंडका अडकवलेला. मला बघून तो गुरगुरला नाही, शेपूटही हलवली नाही.

तात्यांनी चहा टाकला. म्हणाले, "रखवालीला झाक हाय. गेल्या साली लांडगा वाघरीजवळ येऊ दिला न्हाय. पन कोकरात सोडता येत न्हाय. पयल्या साली एक कोकरू खेळाया गेलं, ह्यानं बी खेळात धरलं. कोकरू बँ बँ करतंय आन् ह्यो धरूनच. सोडवस्तवर मेलं त्ये."

आम्ही बोलत होतो तोवर एक कोकरू जाळीखालून निसटून बाहेर आलं आणि टुणटुण उड्या मारत अनारशाकडं निघालं. मी उठलो. तात्यांनी मला हातानं बसवलं.

कोकरू दोन हातांवर आलं तसा अनारसा उठला. ओंडका गुडघ्यांवर आपटत दहा पावलं लांब गेला आणि पाठ करून बसला. कोकरू पुन्हा त्याच्यामागं गेलं. तो पुन्हा उठला. तिसऱ्यांदा तो बाभळीची सावली सोडून पार पलीकडं भर उन्हात जाऊन बसला.

मी विचारलं, "मारून शिकवलंत का?"

"हात लावला न्हाय कुनी," तात्या म्हणाले. "त्ये कोकरू मेलं त्या दिसापास्नं त्यो आसाच उठून जातो. त्येचं त्येनंच ठरवलंय."

तात्यांनी कपबशी माझ्या हातात दिली. चहा निवत होता. तात्या उठले, कोकराला उचलून वाघरीत सोडलं आणि परत येऊन बसले. अनारसा उन्हातच बसून राहिला. जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं फार वाटलं. माझी छाती झाली नाही.